जनुकीय परिवर्तित सॅमन : सुरक्षितता माशाची की मत्स्यकेंद्राची?

प्रस्तावना :

१९ नोव्हेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनुकीय परिवर्तित अटलांटिक सॅमन या माशाला मानवी अन्न म्हणून मान्यता दिली. जनुकीय परिवर्तन केलेल्या प्राण्याचे मांस थेट आहारासाठी विकण्यास मिळालेली ही जगातील पहिली मान्यता होय. 'अ‍ॅक्वाअ‍ॅडव्हांटेज' या व्यापारी नावाच्या या माशासाठी अ‍ॅक्वाबाउंटी कंपनीला सुमारे वीस वर्षे पाठपुरावा करावा लागला. मान्यतेनंतरचे आयुष्य मात्र अल्प ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने आपले शेवटचे चालू मत्स्यकेंद्र बंद करीत असल्याचे जाहीर केले.

व्यापारी दृष्ट्या अयशस्वी ठरलेल्या एका माशाचा आता अभ्यास कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर असे की, या एका माशाच्या निमित्ताने जितकी वैज्ञानिक माहिती, शासकीय दस्तऐवज आणि न्यायालयीन चर्चा उपलब्ध झाली, तितकी अन्य कोणत्याही जनुकीय परिवर्तित प्राण्याबाबत क्वचितच झाली असेल. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगातील मत्स्यशेतीचे जलचर उत्पादन प्रथमच नैसर्गिक मासेमारीच्या पुढे गेले. माणसाच्या ताटातील मासा आता निम्म्याहून अधिक शेतीतून येतो. या शेतीत जनुकीय तंत्रज्ञान पुन्हा पुन्हा येत राहणार, हे गृहीत धरूनच विचार करणे भाग आहे.

या माशाच्या विरोधकांनी त्याला 'फ्रँकनफिश' म्हणून हिणविले, तर समर्थकांनी त्यास भुकेल्या जगाचा तारणहार ठरविले. दोन्ही पक्षांचे लक्ष माशाच्या शरीरावर आणि त्यात घातलेल्या जनुकावर खिळलेले होते. प्रत्यक्षात उपलब्ध पुरावा वेगळीच दिशा दाखवितो. माशाच्या सुरक्षिततेचा मोठा भाग त्याच्या जनुकात नसून तो जेथे वाढविला जातो त्या केंद्राच्या भिंती, जाळ्या आणि व्यवस्थापन यांत सामावलेला आहे. प्रस्तुत लेखात या मुद्द्याच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

माशात नेमका कोणता बदल केला गेला :

माशात परके जनुक घालण्याचा पहिला यशस्वी प्रयोग चीनमध्ये झाला. झू झुओयान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मानवी वाढ संप्रेरकाचे जनुक गोल्डफिशमध्ये घातल्याचे प्रसिद्ध केले. मासे या संशोधनास सोयीचे असतात; कारण त्यांची अंडी मोठ्या संख्येने मिळतात, फलन शरीराबाहेर होते आणि फलित अंड्यात सूक्ष्म सुईने द्रव्य सोडणे सस्तन प्राण्यांच्या मानाने सुलभ असते.

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात गार्थ फ्लेचर व चॉय ह्यू यांच्या गटाने १९८९ मध्ये अटलांटिक सॅमनच्या फलित अंड्यांत एक जोडजनुक सोडले. त्याचे दोन भाग होते. पहिला भाग चिनूक सॅमन या पॅसिफिक महासागरातील नातलग माशाच्या वाढ संप्रेरकाचे जनुक. दुसरा भाग ओशन पाउट या थंड पाण्यातील माशाच्या गोठणरोधक प्रथिनाच्या जनुकाचा प्रवर्तक. प्रवर्तक म्हणजे जनुक केव्हा व कोठे कार्यरत व्हावे हे ठरविणारा डीएनएचा तुकडा होय. त्यास विजेच्या बटणाची उपमा देता येईल.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या सॅमनमध्ये गोठणरोधक प्रथिन तयार होते व त्यामुळे तो बर्फाळ पाण्यात टिकतो, असे अनेक लोकप्रिय लेखांत छापले गेले. ते चुकीचे आहे. ओशन पाउटकडून फक्त बटण घेतले आहे, दिवा घेतलेला नाही. सामान्य सॅमनमध्ये वाढ संप्रेरक पीयूषिका ग्रंथीत तयार होते आणि त्याचे प्रमाण ऋतूनुसार, दिवसाच्या लांबीनुसार कमीजास्त होते. हिवाळ्यात वाढ मंदावते. नव्या बटणामुळे संप्रेरकाची निर्मिती पीयूषिका ग्रंथीबाहेरही आणि वर्षभर चालू राहते. परिणामी सामान्य सॅमनला बाजारयोग्य वजन गाठण्यास लागणाऱ्या सुमारे तीन वर्षांऐवजी हा मासा ते वजन १६ ते १८ महिन्यांत गाठतो. तो अंतिमतः राक्षसी आकाराचा होतो, हाही समज निराधार आहे. त्याची वाढ लवकर होते, अमर्याद होत नाही.

हा बदल निवड पद्धतीच्या पैदाशीहून निराळा आहे, हेही नमूद करावयास हवे. मराठी वृत्तपत्रांत 'गिफ्ट तिलापिया' हा जनुकीय परिवर्तित मासा असल्याचे उल्लेख अधूनमधून आढळतात. वस्तुतः तो १९८८ मध्ये फिलिपाइन्समध्ये सुरू झालेल्या निवड प्रजनन कार्यक्रमातून निर्माण झाला आहे. भुवनेश्वर येथील संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने विकसित केलेला 'जयंती रोहू' हाही त्याच पद्धतीचा. या दोहोंत परके जनुक नाही.

आहाराच्या दृष्टीने सुरक्षितता :

हा प्रश्न तुलनेने सरळ आहे, म्हणून तो थोडक्यात मांडणे इष्ट. प्रशासनाने या माशाच्या मांसातील प्रथिने, मेदाम्ले, जीवनसत्त्वे, संप्रेरकांचे प्रमाण आणि अधिहर्षता निर्माण करण्याची क्षमता यांची तुलना सामान्य सॅमनशी केली व आहाराच्या दृष्टीने अर्थपूर्ण असा फरक आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. वाढ संप्रेरक हे प्रथिन असल्याने ते शिजविताना व पचनक्रियेत विघटित होते. माशाचे वाढ संप्रेरक मानवी शरीरात कार्य करीत असल्याचाही पुरावा नाही. कॅनडाच्या आरोग्य विभागाने मे २०१६ मध्ये याच स्वरूपाचा निर्णय दिला.

टीकाकारांचा आक्षेप निष्कर्षापेक्षा पद्धतीवर होता व तो पूर्णतः निराधार नव्हता. तपासलेल्या माशांची संख्या अल्प होती आणि बहुतांश माहिती खुद्द कंपनीने पुरविलेली होती. २०१० मध्ये तज्ज्ञ समितीपुढे ठेवलेल्या कागदपत्रांत प्रशासनानेच असे मान्य केले होते की, प्रजननक्षम जनुकीय परिवर्तित माशांच्या अधिहर्षतेबाबत निष्कर्ष काढण्याइतकी माहिती उपलब्ध नाही. मान्यतेची शिफारस केवळ वंध्य माशांपुरती होती. जबड्याच्या विकृतीचे व शरीरात ठिकठिकाणी दाह असल्याचे प्रमाण या माशांत काहीसे अधिक असल्याची नोंदही त्याच कागदपत्रांत आहे. ती खाणाऱ्याच्या आरोग्याशी नव्हे, तर माशाच्या स्वास्थ्याशी संबंधित आहे. एवढे असूनही, हा मासा खाल्ल्याने अपाय होतो असे दर्शविणारा कोणताही विश्वसनीय पुरावा आजतागायत पुढे आलेला नाही. विरोधाची सर्व भिस्त आरोग्याच्या भीतीवर ठेवल्यामुळे अधिक गंभीर असलेला पर्यावरणाचा प्रश्न झाकोळला गेला, असे खेदाने म्हणावे लागते.

ग्राहकाच्या माहितीच्या हक्काचा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे. २०१७ मध्ये या माशाची पहिली सुमारे साडेचार टन विक्री कॅनडात झाली. तेथे वेगळ्या लेबलाची सक्ती नसल्याने खरेदीदारांना आपण काय खात आहोत याची कल्पना नव्हती. अमेरिकेत लेबलाचे नियम निश्चित होईपर्यंत संसदेने आयात रोखून धरली. ती बंदी मार्च २०१९ मध्ये उठली.

पर्यावरणाचा प्रश्न : पळालेला मासा काय करतो?

शेतातील पीक आणि मत्स्यशेतीतील मासा यांत एक मूलभूत भेद आहे. गव्हाचे रोप शेत सोडून चालू लागत नाही. मासा संधी मिळताच निघून जातो, आपले अन्न स्वतः शोधतो आणि नदीत त्याचे सगेसोयरे असतील तर त्यांच्याशी संकरही करतो. शेकडो पिढ्यांच्या संगोपनाने गाय माणसाळली. शेतीतील सॅमनला मात्र जेमतेम पन्नास-साठ वर्षे झाली आहेत. तो अद्याप वन्य प्राणीच आहे.

मासे पळतात हे सिद्ध करण्यासाठी जनुकीय तंत्रज्ञानाची गरज नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रस बेटाजवळील समुद्रातील जाळीचा पिंजरा कोसळला आणि दोन लाखांहून अधिक शेतीतील अटलांटिक सॅमन पॅसिफिक महासागरात शिरले. हे मासे जनुकीय परिवर्तित नव्हते. तरीही राज्याने २०१८ मध्ये परक्या प्रजातींची पिंजऱ्यातील शेती टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा केला. नॉर्वेतील नद्यांच्या अभ्यासातून तर असे दिसून आले की, तपासलेल्या वन्य सॅमन समूहांपैकी मोठ्या भागात पळालेल्या शेतीतील माशांची आनुवंशिक छाप उतरली आहे. निवड पद्धतीने पैदा केलेल्या माशांची ही स्थिती असेल, तर जलद वाढीचे जनुक असलेल्या माशाने काय होईल?

या प्रश्नाला पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम म्यूर व रिचर्ड हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. मेडाका या छोट्या जपानी माशावरील प्रयोगांचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की, मोठ्या आकारामुळे परिवर्तित नराला जोडीदार मिळविण्यात वरचढपणा मिळत असेल आणि त्याच वेळी त्याच्या पिलांची जगण्याची क्षमता मात्र कमी असेल, तर विपरीत परिणाम घडतो. जनुक समूहात पसरत जाते आणि ते पसरते म्हणूनच समूह दुर्बळ होत जातो. साठ हजार वन्य माशांत केवळ साठ परिवर्तित मासे मिसळले, तर सुमारे चाळीस पिढ्यांत तो समूह नामशेष होऊ शकतो, असे प्रतिमानाचे उत्तर आले. ट्रॉय नगरीत लाकडी घोड्यातून शिरलेल्या सैनिकांवरून या कल्पनेस 'ट्रोजन जनुक' असे नाव पडले.

हे उत्तर एका विशिष्ट गृहीतकावर उभे आहे, हे विसरून चालणार नाही. मोठ्या माशाला खरोखर समागमात लाभ मिळतो काय? मेमोरियल विद्यापीठातील पुढील प्रयोगांत परिवर्तित अटलांटिक सॅमनचे नर प्रजननाच्या स्पर्धेत वन्य नरांपेक्षा कमकुवत ठरले. म्हणजे ट्रोजन परिणामाची एक आवश्यक अट या माशात पूर्ण होताना दिसत नाही. स्वतः म्यूर यांनीही या सॅमनपासूनचा धोका अल्प असल्याचे मत पुढे मांडले. आपल्याच सिद्धान्ताचा भडक वापर होत असताना त्याला आवर घालणारा शास्त्रज्ञ विरळाच!

अधिक बोधप्रद प्रयोग कॅनडाच्या मत्स्य विभागातील रॉबर्ट डेव्हलिन यांच्या गटाचे आहेत. त्यांनी कोहो जातीच्या सॅमनमध्ये वाढ संप्रेरकाचे जनुक घालून परिवर्तित व सामान्य मासे एकाच टाकीत वाढविले. अन्न मुबलक असताना दोन्ही प्रकारचे मासे व्यवस्थित वाढले. अन्न कमी करताच चित्र पालटले. परिवर्तित मासे भुकेने आक्रमक झाले, त्यांनी अन्नावर कब्जा केला, एवढेच नव्हे तर ते आपल्याच भाईबंदांना खाऊ लागले. त्यांचा समावेश असलेल्या टाक्यांतील संख्या कोसळली. काही टाक्यांत तर समूह जवळजवळ संपुष्टात आला. केवळ सामान्य मासे असलेल्या टाक्यांत असे घडले नाही. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रयोगाचा खरा अर्थ 'परिवर्तित मासा क्रूर असतो' असा नाही. तोच मासा, तेच जनुक. पण परिस्थिती बदलली की परिणाम बदलतो, हा त्याचा अर्थ आहे. मग प्रयोगशाळेतील टाकीत मिळालेल्या उत्तरावरून नदीतील वर्तनाचा अंदाज कितपत बांधता येईल? २०१३ मध्ये मेमोरियल विद्यापीठाच्याच संशोधकांनी परिवर्तित सॅमनचा ब्राउन ट्राउट या जवळच्या प्रजातीशी संकर होऊ शकतो, हे दाखवून दिले. कृत्रिम ओढ्यात हे संकरित मासे इतके वरचढ ठरले की, सोबतच्या परिवर्तित व वन्य अशा दोन्ही सॅमनची वाढ खुंटली. परिवर्तित जनुक अशा प्रकारे प्रजातीची सीमाही ओलांडू शकते. निसर्गात सोडून पाहिल्याशिवाय खात्रीचे उत्तर मिळणार नाही आणि निसर्गात सोडणे तर कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. संशोधनासमोरील ही खरी कोंडी आहे.

वंध्यत्वाचे कुंपण :

या कोंडीतून मार्ग म्हणून कंपनीने कुंपणांची साखळी उभारली. सर्व मासे मादी असतील, ते त्रिगुणित म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेले व म्हणून वंध्य असतील आणि ते समुद्रात नव्हे तर जमिनीवरील बंदिस्त टाक्यांत वाढविले जातील, अशा अटींवर मान्यता देण्यात आली.

फलित अंड्यांवर ठराविक वेळी उच्च दाब दिला असता एक जादा गुणसूत्रसंच अंड्यातच राहतो व मासा त्रिगुणित होतो. ही पद्धत प्रभावी आहे. प्रमाणीकरणाच्या चाचण्यांत ९९ टक्क्यांहून अधिक यश मिळाले. परंतु मान्यतेची अट किमान ९५ टक्क्यांची आहे. दहा लाख अंड्यांच्या एका वर्षात पाच टक्के म्हणजे पन्नास हजार अंडी प्रजननक्षम असली तरी नियमाचा भंग होत नाही! प्रत्यक्षात संख्या याहून खूप कमी असेल, हे मान्य केले तरी टक्केवारीत अल्प वाटणारी बाब संख्येत किती मोठी होऊ शकते हे यावरून स्पष्ट व्हावे. वंध्य मासा संकर करीत नसला तरी तो खातो व जागा व्यापतो, हेही विसरता येत नाही.

याहून महत्त्वाची एक बाब चर्चेत फारशी येत नाही. वंध्यत्वाची अट विक्रीच्या माशांना लागू होते, त्यांच्या जन्मदात्यांना नाही. वंध्य माशांची पैदास वंध्य माशांपासून होऊ शकत नाही. म्हणून कोठेतरी प्रजननक्षम परिवर्तित माशांचा साठा राखावाच लागतो. हा साठा कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर होता. सर्व पिले मादी व्हावीत यासाठी तेथे मादी पिलांवर संप्रेरकाचा उपचार करून त्यांना नराप्रमाणे शुक्रद्रव्य निर्माण करण्यास भाग पाडले जाई व त्यांचा संकर सामान्य मादीशी होई. आता हे बेट नकाशावर पाहिले तर ते अटलांटिक सॅमनच्या नैसर्गिक अधिवासाच्या अगदी मध्यभागी येते. वाढीचे केंद्र पनामाच्या डोंगराळ भागात होते. तेथून निसटलेल्या माशास समुद्र गाठण्यापूर्वी नदीचे उष्ण पाणी पार करावे लागले असते व त्यात त्याचा निभाव लागला नसता. म्हणजे सर्वांत निरुपद्रवी मासे सर्वांत सुरक्षित ठिकाणी आणि सर्वांत जोखमीचे मासे सर्वांत नाजूक ठिकाणी, अशी ही रचना होती. बेटावरील केंद्रात जाळ्या, गाळण्या, कुलपे व पाण्याच्या शुद्धीकरणाचे अनेक थर होते, हे खरे. पण तेथे निसर्गाचे कुंपण नव्हते, माणसाचे होते.

कायद्याची चौकट आणि न्यायालयाचा निर्णय :

अमेरिकेत जनुकीय परिवर्तित प्राण्यांसाठी स्वतंत्र कायदा नाही. २००९ मध्ये प्रशासनाने प्राण्यात घातलेले जोडजनुक हे 'प्राण्यांसाठीचे नवे औषध' समजण्याचे धोरण जाहीर केले. त्यामुळे एका सजीव, पोहणाऱ्या, प्रजोत्पादन करू शकणाऱ्या माशाची छाननी पशुवैद्यकीय औषधाच्या निकषांवर झाली. औषध कायद्यात उत्पादकाची माहिती गोपनीय राखण्याची तरतूद असते. परिणामी सार्वजनिक चर्चेला वाव उशिरा व अपुरा मिळाला. औषधाच्या गोळीला पर नसतात की कल्ले नसतात. गोळीसाठी आखलेली चौकट माशाला अपुरी पडणे स्वाभाविक होते.

या मान्यतेविरुद्ध २०१६ मध्ये मच्छीमारांच्या व पर्यावरणवाद्यांच्या संघटनांनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दाद मागितली. पॅसिफिक किनाऱ्यावर सॅमनवर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणारे क्विनॉल्ट हे आदिवासी राष्ट्रही वादींत होते. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती व्हिन्स छाब्रिया यांनी अशा प्राण्यांचे नियमन करण्याचा प्रशासनाचा अधिकार मान्य केला. ५ नोव्हेंबर २०२० च्या निकालात मात्र त्यांनी पर्यावरणविषयक मूल्यमापन सदोष ठरविले.

या निकालातील युक्तिवाद मूळ विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. मासे निसटण्याची शक्यता अत्यल्प आहे, म्हणून निसटल्यावर काय होईल याचा विचार करण्याचे कारण नाही, अशी प्रशासनाची भूमिका होती. धोका म्हणजे घटनेची शक्यता आणि तिच्या परिणामाची तीव्रता यांचा गुणाकार होय. प्रशासनाने पहिली संख्या लहान असल्याचे दाखविले आणि दुसरी मोजलीच नाही. पहिली संख्या तरी स्थिर कोठे आहे? दोन केंद्रांपुरती असलेली अल्प शक्यता केंद्रांची संख्या वाढली की वाढत जाते आणि कंपनीचा हेतू व्यवसाय वाढविण्याचाच होता. मेन राज्यातील वन्य अटलांटिक सॅमन २००० पासून संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. त्यावरील परिणामांचा पुरेसा विचार न करणे हे राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा व संकटग्रस्त प्रजाती कायदा या दोहोंचे उल्लंघन असल्याचे न्यायालयाने म्हटले. तात्काळ धोका अल्प असल्याने मान्यता रद्द न करता प्रकरण फेरमूल्यांकनासाठी परत पाठविण्यात आले.

न्यायालयाच्या या तर्काची सत्यता कंपनीच्या प्रवासातूनच दिसते. मूळ मान्यता प्रिन्स एडवर्ड बेट व पनामा या दोन ठिकाणांपुरती होती. २०१८ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यातील केंद्राची भर पडली. २०१९ मध्ये पनामा केंद्र बंद झाले. २०२१ मध्ये इंडियानातील माशांची पहिली व्यापारी विक्री झाली. त्यानंतर ओहायो राज्यात वर्षाला दहा हजार टन क्षमतेचे केंद्र बांधण्यास घेण्यात आले. बांधकामाचा खर्च आवाक्याबाहेर गेल्याने २०२३ मध्ये ते थांबले. २०२४ मध्ये इंडियानाचे केंद्र विकले गेले आणि त्याच वर्षअखेर बेटावरील उरलेले मासे नष्ट करून काम गुंडाळण्याची घोषणा झाली.

अपयशाचे कारण जनुकात शोधणे व्यर्थ आहे. मासा जलद वाढत होता, परंतु बंदिस्त टाक्यांसाठी अखंड वीज, पाण्याचे शुद्धीकरण, तापमान नियंत्रण यांवर मोठा खर्च येतो. दुसरीकडे अनेक बड्या किरकोळ विक्री साखळ्यांनी हा मासा विकणार नाही असे आधीच घोषित केले होते. स्वस्त पर्याय समुद्रातील पिंजऱ्यांचा होता, पण तो अटींनी निषिद्ध होता. येथे एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. बंदिस्तता ही माशाची अंगभूत अवस्था नाही. ते दररोज, पैसे खर्चून करावे लागणारे काम आहे. ते करणारी कंपनीच तोट्यात गेली तर कुंपणाची देखभाल कोणी करावयाची? या प्रकरणात मासे नष्ट करण्याचा निर्णय झाला. प्रत्येक देशात, प्रत्येक उत्पादक तसे करील याची हमी कोणत्याही मान्यतापत्रात नाही.

कुंपणाशिवाय काय होते याचे उदाहरण शोभेच्या माशांनी पुरविले आहे. सिंगापूरमध्ये विकसित झालेला चमकणारा झेब्रा मासा २००३ च्या अखेरीपासून अमेरिकेत विकला जाऊ लागला. तो खाद्य नसल्याने प्रशासनाने त्याचे नियमन करण्याचे कारण नाही असे ठरविले. ब्राझीलमध्ये या माशावर बंदी असतानाही तो शोभिवंत माशांच्या फार्मवर पोहोचला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अटलांटिक वनप्रदेशातील ओढ्यांमध्ये लाल व हिरवे चमकणारे मासे मुक्तपणे राहत व प्रजनन करीत असल्याचे आढळले. चमक भक्षकाच्या नजरेत भरेल व असा मासा टिकणार नाही, ही अपेक्षा त्या ओढ्यांत तरी खोटी ठरली.

भारतीय संदर्भ आणि जनुक संपादनाचे नवे वळण :

झेब्रा मासा ब्राझीलमध्ये परका आहे. भारतीय उपखंड मात्र त्याचे मूळ घर आहे. परिवर्तित झेब्रा मासा येथील ओढ्यात निसटला तर त्याला सगेसोयरे शोधावे लागणार नाहीत. हीच बाब रोहू माशास लागू पडते. मदुराई कामराज विद्यापीठात टी. जे. पांडियन यांच्या गटाने रोहूचेच वाढ संप्रेरक जनुक वापरून जलद वाढणारा परिवर्तित रोहू प्रयोगशाळेत तयार केला होता. तो तलावापर्यंत आला नाही. १९८९ च्या नियमांनुसार भारतात अशा कोणत्याही सजीवास पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीची पूर्वपरवानगी लागते.

दरम्यान तंत्रज्ञान पुढे गेले आहे. जपानमध्ये २०२१ मध्ये क्योटो येथील कंपनीने जनुक संपादित मादाई व फुगु हे मासे विक्रीस आणले. मादाईत स्नायूंच्या वाढीला आवर घालणारे जनुक, तर फुगुत भूक नियंत्रणाशी निगडित जनुक निकामी केले आहे. परके जनुक घातलेले नसल्याने जपानी नियमांत ते जनुकीय परिवर्तित ठरत नाहीत. उत्पादकाने शासनास कळविणे पुरेसे असते. परक्या जनुकाच्या उपस्थितीवर कायद्याचा भर असला की असा निष्कर्ष निघतो. नदीच्या दृष्टीने पाहता जनुक परके आहे की घरचे, याला महत्त्व नाही. अधिक भूक असलेला मासा पाण्यात सुटला तर काय होते, हे डेव्हलिन यांच्या टाक्यांनी दाखविलेच आहे.

याच तंत्राने कुंपण माशाच्या शरीरातच घालता येईल काय, याचा शोध नॉर्वेच्या सागरी संशोधन संस्थेने घेतला. तेथे जननपेशी टिकण्यास आवश्यक असलेले जनुक निकामी करून पूर्णतः वंध्य सॅमन तयार करण्यात आले. त्यांची पैदास करण्यासाठी गर्भावस्थेत त्या जनुकाचा संदेश तात्पुरता पुरवून एकाच पिढीत जननपेशी वाचविता येतात, असे २०२० मध्ये दाखविण्यात आले. दाबाच्या पद्धतीतील टक्केवारीचा प्रश्न यामुळे बराचसा सुटतो. जन्मदाता साठा कोठे ठेवावयाचा, हा प्रश्न तेवढा उरतोच.

भारतात तर मत्स्यशेती बंदिस्त टाक्यांत नव्हे, तर मुख्यतः उघड्या तळ्यांत व जलाशयांत होते. पावसाळ्यात बांध फुटतात, तळे ओढ्याला मिळते आणि ओढा नदीला. महाराष्ट्रातील उजनी जलाशयात आफ्रिकेतून आलेल्या चिलापीने स्थानिक माशांना मागे सारले, हे तेथील कोणताही मच्छीमार सांगेल. आफ्रिकन मांगूरवर केंद्र शासनाने २००० मध्ये बंदी घातली. तरीही २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाला मांगूरची तळी शोधून मासे नष्ट करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. डोळ्यांनी ओळखू येणाऱ्या, मिशांच्या त्या माशाची बंदी जर एकोणीस वर्षांत अमलात येत नसेल, तर बाहेरून रोहूसारखाच दिसणारा व केवळ प्रयोगशाळेत ओळखू येणारा मासा कोणत्या तळ्यात आहे, याची नोंद कोणी व कशी ठेवावी, हे मान्यतेच्या अर्जाचा विचार करण्यापूर्वी ठरवावे लागेल.